डॅशकॅम घेताय? आधी ऊन बघा, पिक्सेल मग

सिन्नरच्या अलीकडं एक चहाची टपरी आहे. तिथं मी गाडी उभी करून फोनवर बोलत होते आणि पुढचा टेम्पो रिव्हर्स घेत माझ्यावर आला. मी हॉर्न दाबून धरला, तरी तो थांबला नाही. बोनेटचा कोपरा आत गेला आणि डावा दिवा फुटला. ड्रायव्हर खाली उतरला आणि त्याचं पहिलंच वाक्य होतं, "मॅडम, बघून चालवायची ना गाडी. मागून येऊन ठोकलीत."

चार माणसं जमली. बघणाऱ्याला चित्र तसंच दिसणार. टेम्पो पुढं, कार मागं आणि कारचं नाक चेपलेलं. कोण कुणावर आलं हे चेपलेल्या पत्र्यावर लिहिलेलं नसतं. मी मात्र निवांत होते. "कॅमेऱ्यात आहे सगळं," मी म्हणाले.

"दाखवा की मग."

काचेवरच्या कॅमेऱ्याचा, म्हणजे डॅशकॅमचा, निळा दिवा नेहमीसारखा लुकलुकत होता. मी मोबाइलवर अ‍ॅप उघडलं. यादी आली आणि यादीतली सगळ्यात ताजी फाइल तेवीस दिवसांपूर्वीची निघाली. आतलं मेमरी कार्ड मेलं होतं. जुनं सगळं वाचता येत होतं, नवीन काही लिहून घेत नव्हतं. टेम्पोवाला हसला नाही, त्याचं वाईट वाटून घेण्याइतका तो सभ्य होता. पण खर्च माझा मलाच करावा लागला.

तो कॅमेरा मी डब्यावरचं 'फोर के' बघून घेतला होता. चित्र चांगलंच यायचं, त्याबद्दल आजही तक्रार नाही. तक्रार एवढीच की जो एक मिनिट हवा होता तो त्यात नव्हता. दुसरा कॅमेरा घेताना मी उलट्या बाजूनं सुरुवात केली. नेमक्या वेळी फाइल सापडत नाही ती कशामुळं, आणि ते टाळायला पैसे नेमके कुठं टाकायचे? माझं बजेट कार्ड आणि फिटिंग धरून पाच हजार होतं. पुढचा सगळा हिशेब त्या पाच हजारांचा आहे.

आत चाललेलं असतं काय

डॅशकॅम सतत चित्रीकरण करतो, पण एकच लांबलचक फिल्म बनवत नाही. एक, दोन किंवा तीन मिनिटांचे तुकडे करतो. कार्ड भरलं की सगळ्यात जुना तुकडा पुसून त्या जागी नवा लिहितो. गाडीला धक्का बसला तर आतला धक्का ओळखणारा सेन्सर, ज्याला जी-सेन्सर म्हणतात, चालू तुकड्याला कुलूप लावतो, म्हणजे तो पुसला जात नाही.

कल्पना उत्तम आहे, पण ती गुळगुळीत रस्त्यांच्या देशात सुचलेली असावी. आपल्याकडं जी-सेन्सर 'हाय'वर ठेवला तर प्रत्येक खड्ड्याला एक कुलूप लागतं. पंधरा दिवस पावसात गाडी चालवा, अर्धं कार्ड कुलूपबंद खड्ड्यांनी भरतं आणि चालू रेकॉर्डिंगला जागा आखडत जाते. काही स्वस्त कॅमेरे तर अशा वेळी रेकॉर्डिंगच थांबवतात. म्हणून डबा उघडल्यावर पहिलं काम म्हणजे हा सेन्सर 'लो'वर टाकणं. खरी धडक 'लो'लाही कळते.

दुसरी गोष्ट थोडी आतली आहे, पण कळली पाहिजे. बहुतेक कॅमेरे एमपी४ फाइल बनवतात. या फाइलची अनुक्रमणिका, म्हणजे कुठलं चित्र कुठं ठेवलंय याची नोंद, साधारणपणे तुकडा संपताना शेवटी लिहिली जाते. जोराच्या धडकेत वीज तुटली आणि अनुक्रमणिका लिहायची राहिली, तर फाइल कार्डावर असते पण उघडत नाही. नेमकी तीच फाइल, जिच्यासाठी कॅमेरा घेतला. म्हणून बहुतेक डॅशकॅममध्ये बाहेरची वीज गेल्यावर काही क्षण पुरेल एवढी वीज साठवायची सोय असते. ही सोय कशी केली आहे, यावरच माझ्या मते अर्धी खरेदी ठरते.

रांजण आणि तांब्या

ही सोय दोन प्रकारची असते. एक लिथियमची छोटी बॅटरी, आपल्या फोनमधल्या बॅटरीची धाकटी बहीण. दुसरा सुपरकपॅसिटर. बॅटरी म्हणजे रांजण: पाणी बरंच मावतं, कॅमेरा काही मिनिटं एकटा चालू शकतो. कपॅसिटर म्हणजे तांब्या: थोडंच मावतं, पण झटकन भरतो आणि झटकन ओतता येतो. काही सेकंद मिळतात, तेवढ्यात कॅमेरा फाइल नीट बंद करतो आणि झोपतो.

ऐकायला बॅटरी बरी वाटते. आता मे महिन्यात दुपारी एक वाजता अकोल्यात किंवा जळगावात उघड्यावर उभ्या केलेल्या गाडीचा विचार करा. बाहेर ४४-४५ अंश. बंद गाडीत तासाभरात आणखी वीसेक अंश सहज चढतात, आणि काचेला चिकटलेला काळा डबा तर थेट उन्हातच असतो. लिथियमच्या साध्या सेलला चार्ज करायची मर्यादा ४५ अंशांच्या आसपास असते, नुसतं वापरायची ६० च्या. म्हणजे तुम्ही दुपारी गाडीत बसून चावी फिरवता तेव्हा त्या बॅटरीला तिच्या मर्यादेबाहेर चार्ज करायला लावत असता, आणि हे रोज. एक-दोन उन्हाळ्यांत ती फुगते. फुगली की आधी वेळ-तारीख विसरायला लागते, मग गाडी बंद केल्यावर शेवटची फाइल बिघडवते आणि अखेरीस डब्याची शिवण उकलते. माझ्या एका शेजाऱ्याच्या कॅमेऱ्याचं मागचं झाकण असं उचकटलेलं मी पाहिलंय, आत उशीसारखी टम्म फुगलेली पुडी.

सुपरकपॅसिटर ७० अंशांपर्यंत उष्णता काढतो आणि फुगून फुटायची भीती जवळजवळ नसते. त्याची एकच अडचण: गाडीतून काढून हातात धरून अपघाताचे फोटो काढता येत नाहीत. त्यासाठी खिशात फोन आहेच.

तेव्हा पहिला निकष हा: 'सुपरकपॅसिटर' हा शब्द माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेला हवा. किती 'एमएएच' असं लिहिलं असेल तर ती बॅटरी आहे. काहीच लिहिलं नसेल तरी बॅटरीच समजा. कंपनीचं नाव बघून हे ठरवू नका, कारण एकाच कंपनीच्या एका मॉडेलमध्ये कपॅसिटर तर दुसऱ्यात बॅटरी असू शकते.

आणखी एक, जे मला उशिरा कळलं. आपण ऊन लागू नये म्हणून पुढच्या काचेला आतून चकचकीत पडदा लावतो. डॅशबोर्ड वाचतो, स्टिअरिंग वाचतं, पण कॅमेरा काच आणि पडदा यांच्या मध्ये सापडतो आणि त्याला दोन्हीकडून भाजून निघावं लागतं. पडदा लावणाऱ्यांनी तर कपॅसिटरवाल्या कॅमेऱ्याशिवाय दुसरं काही घेऊच नये.

कार्ड ही झिजणारी वस्तू आहे

माझा पहिला कॅमेरा दुकानदारानं 'फ्री' दिलेल्या कार्डासकट आला होता. कॅमेऱ्याच्या गोष्टीतला खलनायक हाच.

हिशेब करून बघू. पूर्ण एचडी रेकॉर्डिंग साधारण १६ मेगाबिट प्रतिसेकंद या वेगानं लिहिलं जातं, म्हणजे दर सेकंदाला २ मेगाबाइट, मिनिटाला १२०, तासाला सात गिगाबाइटच्या वर. ६४ जीबीचं कार्ड आठेक तासांत भरतं. मी नाशिकहून संगमनेरला आठवड्यातले चार दिवस जाते, जाऊन-येऊन तीन तास. म्हणजे आठवड्याला बारा तास, म्हणजे कार्ड आठवड्याला दीड वेळा पूर्ण पुसून पुन्हा लिहिलं जातं. वर्षाला पंचाहत्तर वेळा. फोनमध्ये तेच कार्ड घातलं तर वर्षात एकदाही पूर्ण भरत नाही.

मेमरी कार्डातल्या पेशी ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतात, पाटीवरचं खडूचं लिखाण ओल्या फडक्यानं पुसून पुसून पाटी गुळगुळीत होते तशी. साधी कार्डं फोटो-गाण्यांसाठी बनवलेली असतात. बऱ्याच कंपन्यांच्या वॉरंटीच्या अटींत डॅशकॅमसारखा सतत रेकॉर्डिंगचा वापर सरळ वगळलेला असतो, बारीक अक्षरांत. 'एन्ड्युरन्स' असं लिहिलेली कार्डं नेमकी या कामासाठी असतात, आणि त्यांच्यावर किती तास रेकॉर्डिंग सोसतील तेही दिलेलं असतं. सॅनडिस्कचं ६४ जीबीचं हाय एन्ड्युरन्स ५,००० तासांचं सांगितलं जातं, १२८ जीबीचं १०,००० तासांचं. त्यांचंच मॅक्स एन्ड्युरन्स आणि सॅमसंगचं प्रो एन्ड्युरन्स याच्या कितीतरी पटीनं पुढचे आकडे सांगतात. आकडे प्रयोगशाळेतले आहेत, उन्हातल्या काचेवरचे नाहीत, तरी एकमेकांशी तुलना करायला ते उपयोगी पडतात. मोठ्या कार्डाचे तास जास्त का? काम तेवढंच, पण वाटून घ्यायला पेशी दुप्पट. म्हणून परवडत असेल तर १२८ घ्या, रेकॉर्डिंग जास्त मावतं म्हणून नव्हे, कार्ड सावकाश झिजतं म्हणून. फक्त कॅमेरा किती जीबीपर्यंत कार्ड घेतो ते आधी बघा.

वेगाच्या बाबतीत यू३ किंवा व्ही३० हे चिन्ह पुरे. ते ३० मेगाबाइट प्रतिसेकंदाची हमी देतं आणि आपल्याला लागतात जेमतेम २ ते ४. वेगाच्या मोठमोठ्या आकड्यांना इथं पैसे देण्यात अर्थ नाही.

बनावट कार्डांचा सुळसुळाट फार आहे. डब्यावर १२८, आतमध्ये खरं १६. त्यापुढचं लिहिलेलं हवेत जातं. कॉम्प्युटरवर 'एच२टेस्टडब्ल्यू' नावाचा मोफत प्रोग्रॅम मिळतो, तो कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतो. काही तास लागतात, रात्री लावून झोपायचं. सकाळी खरं-खोटं समजतं.

आणि आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची चाचणी, जी एकाही जाहिरातीत नसते. नवा कॅमेरा आला की कार्ड बाहेर काढा आणि गाडी सुरू करा. कॅमेरा काय करतो? बोंब मारायला हवी: टीं-टीं आवाज, लाल दिवा, 'कार्ड नाही' असं बोलणं, काहीही. गुपचूप निळा दिवा लुकलुकवत बसला तर तो कॅमेरा त्याच दिवशी परत पाठवा. माझ्या पहिल्या कॅमेऱ्याला हीच शिस्त असती तर तेवीस दिवस आधी मला कळलं असतं.

नंबर प्लेट वाचता येईल का

हा प्रश्न सगळे विचारतात आणि उत्तर म्हणून मेगापिक्सेल सांगितले जातात. आपण थोडं गणित करू, अवघड नाही.

पूर्ण एचडी चित्र आडवं १९२० ठिपक्यांचं, म्हणजे पिक्सेलचं असतं. कॅमेऱ्याची नजर आडवी समजा १२० अंश पसरली आहे. (डब्यावर लिहिलेले १४० किंवा १७० अंश बहुधा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलेले असतात.) म्हणजे एका अंशाला १६ ठिपके. आपली कारची एचएसआरपी नंबर प्लेट ५०० मिलिमीटर लांब. दहा मीटरवरून ती तीनेक अंशांत दिसते, म्हणजे जेमतेम ४६ ठिपके. त्यात बसवायची दहा अक्षरं-अंक. एकेका अक्षराला चार-साडेचार ठिपके. एवढ्यात ८, ३ आणि बी एकसारखेच दिसतात. पाच मीटरवर हेच ९२ ठिपके होतात आणि प्लेट वाचता येते. २५६० ठिपक्यांचा, बाजारात २के किंवा १४४०पी म्हणतात तो कॅमेरा घेतला तर दहा मीटरवर ६० च्या आसपास ठिपके मिळतात. उजेड चांगला असेल तर नंबर लागतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, पूर्ण एचडी ते २के हा फरक खरा आहे आणि त्याला हजार-दीड हजार जास्त द्यायला हरकत नाही. दुसरी, नजर जेवढी रुंद तेवढे तेच ठिपके जास्त जागेवर पसरतात. १७० अंश हे कौतुकाचं नाही, त्यानं समोरची प्लेट आणखी बारीक होते. १३०-१४० पुरे.

मग फोर के आणखी चांगला नाही का? खरा असेल तर चांगला. खऱ्या फोर के चित्राला सुमारे ८३ लाख ठिपके लागतात, म्हणजे सेन्सर किमान ८ मेगापिक्सेलचा हवा. सोनीचा आयएमएक्स ४१५ तसा आहे, नवा आयएमएक्स ६७८ तसा आहे. पण अडीच हजारांच्या 'फोर के' कॅमेऱ्यात बहुधा २ किंवा ५ मेगापिक्सेलचा सेन्सर असतो आणि चित्र आतल्या आत ताणून मोठं केलेलं असतं. पातळ ताकात पाणी घालून तांब्या भरल्यासारखं. माहितीपत्रकात सेन्सरचं नाव शोधा. सोनीचा आयएमएक्स ३०७ हा २ मेगापिक्सेलचा आहे, पूर्ण एचडीला उत्तम. आयएमएक्स ३३५ पाच मेगापिक्सेलचा, २केला उत्तम. नावच दिलं नसेल तर फोर केचा दावा सोडून द्या आणि तो साधा एचडी कॅमेरा आहे असं धरून किंमत पटते का बघा.

एक छोटी तपासणी घरीही करता येते. एका मिनिटाची फाइल किती एमबीची आहे बघा. पूर्ण एचडीला १०० च्या आसपास किंवा जास्त हवी. 'फोर के' म्हणवणारी मिनिटभराची फाइल ६० एमबीची निघाली तर कॅमेऱ्यानं चित्र पिळून काढलंय. आता काही कॅमेरे एच.२६५ पद्धतीनं लिहितात, त्यात कमी जागेत तेवढंच चित्र मावतं, त्यांना थोडी सूट द्या.

आता रात्र. इथं मेगापिक्सेलचं काही चालत नाही. अंधारात पुरेसा उजेड गोळा करायला कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो, सेकंदाचा तिसावा भाग म्हणा. तुमच्यासमोरून ताशी ४० किलोमीटरनं आडवी गेलेली गाडी तेवढ्या वेळात ३७ सेंटिमीटर सरकते. प्लेट आहे ५० सेंटिमीटरची. म्हणजे अख्खी प्लेट पुसट पट्टा होऊन जाते, मग तुमच्याकडं दहा मेगापिक्सेल असोत की पन्नास. भर दिवसा तोच डोळा सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरता उघडतो, गाडी दोन सेंटिमीटर सरकते आणि प्लेट स्वच्छ येते. चांगला सेन्सर आणि एफ १.८ किंवा त्याहून लहान आकड्याची, म्हणजे मोठ्या तोंडाची लेन्स असेल तर रात्रीचं चित्र सुधारतं. सोनीच्या स्टार्व्हिस जातीचे सेन्सर त्यासाठीच नावाजलेले आहेत, वर सांगितलेले चारही त्याच जातीचे. तरी पळत्या गाडीची प्लेट रात्री वाचता येईल अशी आशा पाच हजारांत ठेवू नये. पन्नास हजारांतही फार नको.

त्यावर फुकटचा उपाय आहे. कॅमेऱ्याचा माइक चालू ठेवा, आणि कुणी कट मारून गेला की नंबर मोठ्यानं वाचा. "पांढरी पिकअप, एमएच सतरा..." डोळा जे टिपतो ते कॅमेऱ्याला जमत नाही, पण तुमचा आवाज वेळेसकट रेकॉर्ड होतो. गाडीतल्या घरगुती गप्पाही रेकॉर्ड होतात, ही त्याची किंमत. आमच्याकडं सासूबाईंना हे कळल्यापासून त्या गाडीत फक्त हवापाण्याबद्दल बोलतात.

बोगद्याबद्दल थोडंसं. एक्स्प्रेसवेवर भाताणच्या किंवा कामशेतच्या बोगद्यातून बाहेर पडताना दोन-तीन सेकंद सगळं पांढरंफटक दिसतं. डब्ल्यूडीआर किंवा एचडीआर नावाची सोय हे कमी करते. असावी.

बसवताना

कॅमेरा बसवायला मी एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडं गेले. पोरगा विशीतला, हातात प्लास्टिकची पट्टी. त्यानं आधी माझा जुना कॅमेरा बघितला. तो काचेच्या मधोमध, आरशाच्या खाली लोंबत होता आणि त्याची वायर डाव्या खांबावरून नुसती चिकटपट्टीनं चिकटवलेली होती.

"ताई, ही कुणी लावली?"

"मीच."

"एअरबॅग आहे ना आत? फुटली तर ही वायर चाबकासारखी तोंडावर येईल."

ज्या गाड्यांना बाजूच्या पडदा एअरबॅगा असतात, त्या दाराच्या वर आणि पुढच्या खांबात घडी घालून ठेवलेल्या असतात. वायर त्यांच्या वरून नाही, मागून न्यायची. त्यानं खांबाचं आवरण काढलं, वायर मागच्या जाडजूड वायरींच्या जुडग्याला बांधली आणि आवरण परत बसवलं. पंधरा मिनिटांचं काम, तीनशे रुपये. हे पैसे वाचवू नका.

कॅमेरा आरशाच्या मागं, डाव्या बाजूला, पण वायपर जिथपर्यंत पुसतो त्या पट्ट्यात हवा. नाहीतर पावसाळ्यात चार महिने तुम्ही फक्त थेंबांचं चित्रीकरण कराल. ड्रायव्हरच्या नजरेच्या आड काही येता कामा नये. रबरी वाटीचं स्टँड उन्हात सुटतं आणि नेमकं घाटात पडतं, त्यापेक्षा चिकटपट्टीवाला घ्या. काच स्पिरिटनं पुसायची, दाबून लावायचा आणि एक दिवस तसाच राहू द्यायचा.

वीज सिगरेट लायटरच्या सॉकेटमधून घेतली तर गाडीच्या एकाही मूळ वायरीला हात लागत नाही. वॉरंटीतली गाडी असेल तर हेच बरं. फ्यूज बॉक्समधून घ्यायची तर फ्यूज टॅप, म्हणजे फ्यूजच्या खोबणीत बसणारा तयार जोड वापरायला सांगा, वायर सोलून जोड मारू देऊ नका.

काय सोडून द्यावं

उभ्या गाडीवर पहारा ठेवणारा पार्किंग मोड या बजेटमध्ये विसरा. कॅमेरा ४ वॅट खात असेल तर १२ व्होल्टवर तासाला एक तृतीयांश अँपिअर-तास जातो. छोट्या गाड्यांची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. तीन दिवस गाडी उभी राहिली तर दोन तृतीयांश संपली, आणि सकाळी धक्का मारायला शेजारी शोधा. व्होल्टेज उतरलं की वीज तोडणारी हार्डवायर किट मिळते, पण ती घेतली की बजेट गेलं. शिवाय कॅमेरा भर उन्हात दिवसभर चालू राहणार.

मागचा कॅमेराही मी सोडला. उपयोग आहेच, पण स्वस्त जोडीत बहुधा पुढच्याचा दर्जा कापून मागचा दिलेला असतो, आणि डिकीच्या बिजागरीत वाकून वाकून मागची वायर तुटते. पाच हजारांत एकच, पण पुढचा चांगला. रस्त्यावरच्या रेषा ओळखून सूचना देणारी ती एडीएएस नावाची भानगड आपल्या रस्त्यांवर सारखी ओरडत राहते. दुसऱ्याच दिवशी बंद केली.

जीपीएसचं मात्र विचार करून ठरवा. त्यानं तारीख-वेळ आपोआप बरोबर राहते आणि वेग चित्रावर उमटतो. तो वेग तुमच्याही विरोधात जातो, हे ध्यानात असू द्या. समृद्धीवर मर्यादा १२० ची आहे. तुम्ही १३५ नं चालला होता हे तुमचाच कॅमेरा सांगेल.

मी शेवटी काय घेतलं? या किमतीत सेव्हन्टीमाय, क्यूबो, डीडीपाय ही नावं सगळीकडं दिसतात. थोडं वर गेलं तर व्हायोफो. मी ब्रँड न धरता चार अटी धरल्या: सुपरकपॅसिटर, सेन्सरचं नाव लिहिलेलं, २के, आणि कार्ड नसेल तर ओरडणारा. कॅमेरा साडेतीन हजारांच्या आत मिळाला, एन्ड्युरन्स कार्ड अकराशेला, फिटिंग तीनशे.

फाइल हाती आल्यावर

अपघात झाला की आधी माणसं बघा, मग कॅमेरा. जखमींना मदत करणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार ड्रायव्हरचं कर्तव्य आहे. त्यानंतर कॅमेऱ्यावरचं कुलूपाचं बटण दाबा आणि रेकॉर्डिंग बंद करून कार्ड काढून घ्या. कॅमेरा चालू ठेवून त्याच गाडीनं पुढं चार दिवस फिरलात तर कुलूप न लागलेले शेजारचे तुकडे पुसले जातात.

फाइल कापू नका, त्यावर बाण-गोल काढू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा व्हिडिओ पाठवला की तो दाबून छोटा होतो आणि मुश्किलीनं दिसणारी नंबर प्लेट कायमची जाते. पाठवायचीच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

कोर्टापर्यंत गेलं तर मूळ कार्ड जपून ठेवलेलं असलं पाहिजे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. जुन्या कायद्यातल्या कलम ६५-बची जागा आता कलम ६३ नं घेतली आहे. डिजिटल पुराव्याची प्रत देताना प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचा एक भाग पुरावा देणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि त्यात फाइलची हॅश किंमत लिहायची. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. फाइलमध्ये एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो. या प्रमाणपत्राची सक्ती अधोरेखित करणारा सर्वोच्च न्यायालयाचा १४ जुलै २०२० चा निकाल आपल्या जालन्यातला आहे, खोतकर विरुद्ध गोरंट्याल. वाद २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतला: उमेदवारी अर्ज वेळेत आले की नाही, आणि पुरावा म्हणून निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण. डॅशकॅमचा तिथं संबंध नव्हता, पण तुमच्या फाइलला लागणारी कसोटी त्याच जातीची आहे.

परदेशातल्या कुणाला हा कॅमेरा भेट पाठवायचा विचार असेल तर जरा थांबा. जर्मनीत २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं म्हटलं की रस्त्याचं असं सतत रेकॉर्डिंग खासगीपणाच्या नियमांत बसत नाही, तरी अपघाताच्या खटल्यात ते पुरावा म्हणून वापरता येऊ शकतं. ऑस्ट्रियात नियम आणखी कडक आहेत. आपल्याकडं खासगी गाडीत डॅशकॅम लावायला बंदी नाही, सक्तीही नाही.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी, गाडी धुतल्यावर, मी तीन गोष्टी करते. कालची एक फाइल उघडून पूर्ण बघते. तारीख-वेळ फोनशी ताडून बघते. मग कॅमेरा चालू असताना प्लग खसकन ओढते आणि शेवटची फाइल उघडते का ते बघते. नंतर कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करते. पाच मिनिटं लागतात. कार्डाच्या पाठीवर पांढऱ्या मार्करनं विकत घेतल्याचा महिना लिहिला आहे, त्याला दोन वर्षं झाली की चालत असलं तरी ते कॅमेऱ्यातून निघून मुलाच्या गाण्यांच्या स्पीकरमध्ये जाणार आहे. त्यानं आत्तापासून नंबर लावून ठेवलाय.